खान्देशात सापाचं पिलू घ्यायचं तर बॉल पायथन की कॉर्न स्नेक?

धामण, नाग, अजगर यांचा प्रश्नच नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ते पाळणं बंद आहे. इथे बोलतोय ते बॉल पायथन (आफ्रिकेतला लहान अजगर) आणि कॉर्न स्नेक (अमेरिकेतला बिनविषारी साप) या परदेशी जातींच्या, अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलांबद्दल. जळगावात मी दोन्ही वाढवली आहेत.

अंगानं बॉल पायथन दणकट. 50-60 ग्रॅमचं गुबगुबीत पिलू काही आठवडे उपाशी राहिलं तरी लगेच ढासळत नाही. उपाशी राहायची त्याला हौसच असते म्हणा. कॉर्नचं पिलू शिसपेन्सिलीसारखं, वजन जेमतेम 5-7 ग्रॅम. पिंकी (खायला द्यायचं उंदराचं नवजात, केस न आलेलं पिलू) जरा मोठी पडली किंवा खाल्ल्यावर लगेच हाताळलं, की उलटून टाकतं. मग दहा-बारा दिवस काही न देता पुन्हा अगदी लहान पिंकीपासून सुरुवात करायची. एवढा धीर धरला नाही तर पिलू जातं. तेव्हा नाजूक कोण, तर कॉर्नच.

तरी माझा कल कॉर्नकडे फिरला तो कातीमुळे. बॉल पायथनच्या पिलाला 60 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते, आणि आपल्याकडे एप्रिल-मेची हवा म्हणजे भट्टी. कात तुकड्यातुकड्यांनी निघते. डोळ्यावरचा पापुद्रा तसाच राहतो, शेपटीच्या टोकाला कडं बसतं. ते वेळेत काढलं नाही तर टोक काळं पडून झडतं. बरं, कूलर लावावा तर खोली गार होते, मग डब्याच्या एका टोकाला 31-32 अंश ठेवायला हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) चालू ठेवावी लागते, आणि तीच मॅट डब्यात अंथरलेलं कोकोपीट (नारळाच्या सालीचा भुसा) वाळवते. म्हणून पाणी जास्त मारावं तर पोटाच्या खवल्यांवर फोड येतात. गार ओल राहिली की श्वासात शिट्टी आणि तोंडाशी बुडबुडे. गुरांचे डॉक्टर आपल्याकडे पुष्कळ, पण सापाच्या पिलाला औषध देणारा शोधावा लागतो. लाइट गेली की सगळा हिशोब पुन्हा पहिल्यापासून.

कॉर्नला मुळात 40-50 टक्के पुरतात. उकाडा मात्र त्याला बॉल पायथनपेक्षा कमी सोसतो, 32-33 च्या वर गेलं की सुस्तावतं. पण कूलरच्या खोलीत ती अडचण सुटते आणि ओल्या शेवाळाची एक डबी आत ठेवली की कात बहुतेक वेळा अखंड निघते. निदान माझ्याकडे निघाली. कुणाची खोली तळमजल्याची, जाड भिंतींची असेल तर बॉल पायथनही जमेल, नाही असं नाही.

घेताना बेंबी नीट मिटली आहे का बघा. पहिली कात टाकून पिलानं मेलेली पिंकी आपणहून निदान तीन-चार वेळा खाल्ली आहे का, हे विचारा. बॉल पायथनच घ्यायचं ठरलं तर ‘स्पायडर’ रंगाचं टाळा, मान डुलण्याचा दोष त्याच्या वाणातच असतो; आणि केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवरच्या नोंदणीचे कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.