लाकडी खोक्यांचं हीट ट्रीटमेंट: शिक्क्याआधी प्रोब बघा

मी यंत्रांचे सुटे भाग निर्यात करते. मागच्या वेळी दुसऱ्याच कुणाकडून घेतलेल्या पॅलेटवर ट्रीटमेंट झाल्याचा शिक्का पुसट निघाला आणि माल बंदरात अडकला. म्हणून या वेळी ट्रीटमेंट करणाऱ्यांकडे स्वतः जाऊन उभी राहिले. गेले ते बरंच झालं.

आयएसपीएम १५ या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं राहायला हवं. नुसती भट्टीतली हवा तापून भागत नाही, कारण कीड आत दडलेली असते. इथल्या माणसाने सगळ्यात जाड फळी निवडली, भोक पाडून प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी सळई, गाभ्यापर्यंत घातला आणि तोंड नीट बुजवलं. आलेख मला दाखवला. मध्ये तापमान ५५ वर घसरलं, तेव्हा त्याने मी न सांगता ३० मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजली. मला हे फार आवडलं.

सालीचीही तपासणी झाली. तीन सेंटिमीटरपेक्षा रुंद आणि क्षेत्रफळाने ५० चौरस सेंटिमीटरच्या वर असलेला सालीचा तुकडा चालत नाही. असे दोन तुकडे त्यांनी तासून काढले. शिक्क्यात गव्हाच्या लोंबीची खूण, देशाचा कोड, नोंदणी क्रमांक, एचटी (म्हणजे हीट ट्रीटमेंट), सगळं काळ्या शाईत ठसठशीत, समोरासमोरच्या दोन बाजूंवर.

तक्रार एकच, गाडी भरायला फार उशीर लावला. आणि हो, खोकं निव्वळ प्लायवूडचं असेल तर ट्रीटमेंट लागतच नाही, हे त्यांनी आपणहून सांगितलं. पुढची खोकी इथेच देणार.