जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधून कॅल्शियम ‘नॉर्मल’?

८९,६८० रुपये. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठ नागरिक संघाकडून ‘चार थेंबांत ७२ तपासण्या’ या शिबिरानं एवढे नेले. ४६ जण, प्रत्येकी १,१८० म्हणजे ५४,२८०. वर ‘संशोधन प्रकल्पाची परत मिळणारी अनामत’ प्रत्येकी ३००, म्हणजे १३,८००. आणि रिपोर्ट ‘संशयास्पद’ आलेल्या ९ जणांकडून ‘कन्फर्मेटरी’ म्हणजे खात्रीच्या तपासणीचे प्रत्येकी २,४००, म्हणजे २१,६००. स्वस्त पॅकेज, मग भीती, मग दुसरी पावती. ही साखळी सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे ती पुन्हा सांगत बसत नाही.

‘शिकलेली माणसं फसलीच कशी’ असं विचारणाऱ्यांनी आधी हे वाचावं. थेंबभर रक्तावर तपासणी ही थाप नाही. नवजात बाळाच्या टाचेतून फिल्टर पेपरवर थेंब घेऊन तपासण्याची पद्धत १९६०च्या दशकापासून चालू आहे. बोटातून मायक्रोट्यूबमध्ये अर्धा मिली रक्त नीट भरलं, तर त्यातून पाव मिलीच्या आसपास प्लाझ्मा सुटतो. बायोकेमिस्ट्रीच्या बऱ्याच तपासण्यांना एकेकीला त्यातले २ ते १० मायक्रोलिटर (मायक्रोलिटर म्हणजे मिलीचा हजारावा भाग) पुरतात. मशीनच्या कपाच्या तळाशी वाया जाणारं धरूनही वीसेक तपासण्या आरामात बसतात. ७२ हा आकडा फुगवलेला वाटला, अशक्य वाटला नाही. लॅन्सेट सीलबंद होते, टोचल्यावर सुई आपोआप आत जाणारे. मधल्या बोटाच्या कडेला टोचलं, पहिला थेंब पुसला. इथवर सगळं पुस्तकी.

मग ट्यूब. जांभळं टोपण, एकच. पकडायचं ते इथंच होतं, आणि रांगेत दोन निवृत्त लॅब टेक्निशियन उभे होते, त्यातला एक मी. पण शिरेतून रक्त घेताना ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) ही जांभळी ट्यूब नंतर भरतात, बोटातून घेताना आधी, कारण बोटाचं रक्त चटकन गोठतं. त्यामुळे जांभळी ट्यूब आधी उघडणारा पोरगा नीट शिकलेला वाटला. मागून बायोकेमिस्ट्रीसाठी ईडीटीए नसलेली, प्लेन किंवा जेलची ट्यूब येईल असंच कोणीही धरून चालेल. ती आलीच नाही. विचारल्यावर उत्तर मिळालं, “काका, नव्या मायक्रो पद्धतीत एकच लागते.”

आणि रिपोर्टवर काय? पोटॅशियम ४.२, कॅल्शियम ९.४, आयएनआर (रक्त गोठायच्या वेळेचं माप) १.०. अहो, जांभळ्या ट्यूबमध्ये पोटॅशियमचंच मीठ असतं! त्यातलं पोटॅशियम मोजलं तर माणूस जिवंत कसा असा आकडा येईल. कॅल्शियम बांधून टाकणं हेच ईडीटीएचं काम, म्हणून तर रक्त गोठत नाही. तिथं कॅल्शियम जवळपास शून्य दिसायला हवं. आयएनआरला निळ्या टोपणाची सायट्रेट ट्यूब लागते, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, रेघेपर्यंत भरलेली. ज्या रक्तातून हे आकडे निघूच शकत नाहीत, त्यातून ते छापून आले. म्हणजे मशीनला रक्त लागलंच नाही. दोन बायकांच्या रिपोर्टात पीएसए आहे. प्रोस्टेटची तपासणी, बायकांच्या रिपोर्टात!

तेव्हा टोपणांचे रंग बघा. साखरेसाठी राखाडी ट्यूब नसेल तर विचारा, कारण फ्लोराईडशिवाय ठेवलेल्या रक्तातली साखर तासाला ५ ते ७ टक्के उतरते. ट्यूब भरल्यावर आठ-दहा वेळा हलकेच उलटी-सुलटी करतात; इथं ती सरळ पिशवीत पडली, तीही मे महिन्यात, स्कूटरच्या डिकीत. बोट पिळून रक्त काढत असतील तर तिथंच हात मागे घ्या. पिळलं की पेशी फुटतात, ऊतीतलं पाणी मिसळतं आणि पोटॅशियम खोटं वाढतं. लेबलवर फक्त आडनाव होतं. आमच्याकडे कुलकर्णीच पाच आहेत.

‘संशोधना’साठी थेंब फिल्टर पेपरच्या कार्डावरही घेतले, ते तर उघडउघड नाटक. फिल्टर पेपरच्या वर्तुळात एकदाच भरपूर थेंब पडू द्यायचा असतो, मग कार्ड आडवं ठेवून उन्हापासून लांब निदान तीन-चार तास वाळवायचं आणि ओलावा शोषणाऱ्या पुडीसकट बंद करायचं. इथं थेंबावर थेंब टाकून ओलं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत गेलं. असलं कार्ड कुठलीही लॅब परत पाठवेल. खऱ्या संशोधनात भाग घेणाऱ्याकडून अनामत घेत नाहीत. प्रत्येकाचं वेगळं संमतीपत्र असतं आणि त्यावर एथिक्स कमिटीचा उल्लेख असतो. आम्ही ४६ सह्या एकाच कागदावर केल्या. आधारच्या झेरॉक्सही गेल्या, त्यामुळे आता सगळ्यांनी बायोमेट्रिक लॉक केलंय.

तक्रारीचं ऐका. पोलीस चौकीत: “रिपोर्ट मिळाला ना? मग फसवणूक कसली?” सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्हीच यूपीआयनं पाठवलेत, ग्राहक मंचात जा. आरोग्य कार्यालयात सांगितलं, आमच्याकडे नर्सिंग होमची नोंद असते, लॅबची नाही. म्हणजे बारा खाटांचं हॉस्पिटल काढायला नोंदणी, आणि पुणेकरांचं रक्त डिकीत घालून पळणाऱ्याला काही नाही! एका साहेबांनी तर ‘मूळ सॅम्पल’ पुरावा म्हणून आणायला सांगितलं. ते सॅम्पल आमच्याकडे असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? तोवर त्या ९ जणांपैकी एकानं दुसरीकडे शिरेतून रक्त दिलं. कर्करोगाचा मार्कर साफ नॉर्मल. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर) मात्र ९.१, शिबिराच्या कागदावर ५.४ होतं. खोट्या आजाराचे २,४०० घेतले आणि खरा मधुमेह झाकून टाकला.

रिपोर्टवर सही स्कॅन केलेली, नावापुढे नोंदणी क्रमांक नाही. डिसेंबर २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत शोधा. एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचा) लोगो बघून भुलू नका, तो कोणीही छापतो. प्रमाणपत्राचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाका आणि नाव, पत्ता, कोणत्या तपासण्यांना मान्यता आहे तेही वाचा. आमच्या रिपोर्टवरचा क्रमांक परराज्यातल्या कुठल्यातरी लॅबचा निघाला.

पैसे नुकतेच गेले असतील तर चौकीत जाण्याआधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन फिरवा. रक्कम पुढे सरकायच्या आत अडवली तरच काही हाती लागतं. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर ग्राहक आयोगात फी नाही आणि तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. आम्ही ४६ जणांचे यूपीआयचे स्क्रीनशॉट, ४६ रिपोर्ट आणि ट्यूबचे फोटो जोडतोय. फोटो एका आजींच्या नातवानं गंमत म्हणून काढले होते. जांभळं टोपण त्यात स्पष्ट दिसतंय.