ब्लेड टेम्प्लेटमध्ये सर्व्हर व्हेरिएबल : थेट पीएचपी की लाराव्हेलमार्फत? आठ महिन्यांचा अनुभव

गेले आठ महिने मी एक जुनी पीएचपी प्रणाली लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कवर आणत आहे. जुन्या पानांमध्ये सर्वत्र ‘डॉलर अंडरस्कोर सर्व्हर’ हा सर्व्हरची आणि आलेल्या विनंतीची माहिती ठेवणारा पीएचपीचा ॲरे थेट वाचलेला होता. पीएचपी 4.1 पासून असलेल्या या ॲरेची हाताला इतकी सवय होती, की ब्लेड या लाराव्हेलच्या टेम्प्लेट पद्धतीत मूल्य छापण्यासाठी असलेल्या दुहेरी महिरपी कंसांतही मी सुरुवातीला तोच लिहीत असे. तो चालतोही, कारण ब्लेडचे टेम्प्लेट शेवटी साध्या पीएचपीतच कंपाइल होते.

अडचण आली ती साइट लोड बॅलन्सरमागे, म्हणजे विनंत्या सर्व्हरांमध्ये वाटून देणाऱ्या मधल्या यंत्रणेमागे, गेल्यावर. लॉगिनच्या पानावर ‘आपण या आयपीवरून प्रवेश करीत आहात’ अशी ओळ होती, आणि तेथे प्रत्येकाला दहापासून सुरू होणारा एकच अंतर्गत पत्ता दिसू लागला. त्या ॲरेतील ‘रिमोट ॲड्रेस’मध्ये सर्व्हरशी प्रत्यक्ष जोडणी करणाऱ्याचा पत्ता असतो आणि आता ती जोडणी लोड बॅलन्सर करीत होता. मूळ पत्ता ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ या हेडरमध्ये येतो. तो हेडर कोणीही बनवून पाठवू शकतो, म्हणून लाराव्हेलमधील विश्वासू प्रॉक्सींच्या (मधल्या सर्व्हरांच्या) यादीत केवळ आपल्या लोड बॅलन्सरचा पत्ता घालावा. तेवढे केले की विनंतीची माहिती देणाऱ्या लाराव्हेलच्या रिक्वेस्ट ऑब्जेक्टची आयपी मेथड खरा पत्ता देते. हे काम प्रत्येक पानात हाताने करणे मला धोक्याचे वाटते.

दुसरा फरक मी कर्ल हे कमांड लाइनवरून विनंत्या पाठवणारे साधन वापरून तपासला. ब्राउझरची ओळख सांगणाऱ्या युजर-एजंट हेडरच्या जागी स्क्रिप्ट टॅग पाठवला, तेव्हा थेट ‘एको’ करणाऱ्या जुन्या पानाने तो जसाच्या तसा परत दिला, तर ब्लेडने त्यातील कोनी कंसांचे एंटिटींत रूपांतर केले. हे श्रेय महिरपी कंसांचे आहे. त्यांत थेट ॲरे लिहिला तरी हे संरक्षण मिळते. मात्र रेफरर (वाचक कोणत्या पानावरून आला ते सांगणारा हेडर) आलाच नाही, तर थेट वाचनात पीएचपी 8 इशारा देते, लाराव्हेल त्याचे एक्सेप्शन करते आणि पान कोसळते, तर रिक्वेस्टची सर्व्हर मेथड निमूटपणे नल, म्हणजे रिकामे मूल्य, परत करते.

थेट वाचन मी एकाच ठिकाणी ठेवले आहे. फ्रेमवर्क उभे राहतानाच काही बिघडले, तर रिक्वेस्ट ऑब्जेक्ट अस्तित्वातच नसतो. म्हणून इंडेक्स फाइलमधील, स्क्रिप्ट संपताना चालणारे शटडाउन फंक्शन विनंती सुरू झाल्याची वेळ आणि यूआरआय थेट ॲरेतून घेऊन लॉगमध्ये लिहिते.