एका ब्रासला पाट्या किती? स्लेटच्या छपरातली फसवणूक

कोकणात किंवा घाटमाथ्यावर घर बांधायला घेतलं की मंगलोरी कौल घालायचं की स्लेट, म्हणजे पाटीचा सपाट दगड, हा विषय हल्ली कंत्राटदारच काढतो. "काका, कौलं माकडं फोडतात, दर वर्षी चाळावी लागतात. एकदा दगड टाका, नातवालाही वर चढावं लागणार नाही." माकडांचं खरं आहे. दगडाचंही खोटं नाही, हिमाचलात कांगडा-चंब्याकडे स्लेटची छपरं पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहेत. फसवणूक होते ती पाट्यांच्या संख्येत.

कौलाला खाचा असतात, शेजारचं कौल त्यांत अडकतं, म्हणून एकेरी थर पुरतो. पाटी सपाट. शेजारच्या दोन पाट्यांमधल्या फटीतून पाणी खाली जाणारच, आणि ते झेलायला खाली दुसरी पाटी लागते. म्हणून स्लेट दुहेरी लावतात आणि तिसरी ओळ पहिलीच्या डोक्यावर निदान ४ इंच चढवतात. २ फूट बाय १ फूट पाटी घेतली तर २४ मधून ४ वजा, उरलेल्या २० चे निम्मे १०. म्हणजे प्रत्येक पाटी फक्त १० इंच उघडी दिसते. एका ब्रासला, म्हणजे १०० चौरस फूट छपराला, १२० पाट्या, म्हणजे २४० चौरस फूट दगड.

दरपत्रकात असतात ६० पाट्या. पाटी २० इंच उघडी ठेवायची, खाली प्लाय आणि डांबरी शीट घालायची, वर दगड नुसता शोभेला. पहिला पावसाळा शीट सांभाळून घेते आणि तेवढ्यात शेवटचा हप्ता दिलेला असतो. मग खिळ्यांच्या भोकांतून पाणी मुरतं, प्लाय फुगतो. खिळे साधे लोखंडी असतील तर गंजून पाट्या घसरू लागतात. खिळे तांब्याचे किंवा स्टेनलेसचेच हवेत, तेही घट्ट ठोकलेले नकोत. पाटी खिळ्यावर टांगलेली राहिली पाहिजे, आवळली की तडकते.

दगडही बरेचदा छपराचा नसतो, फरशीचा किंवा भिंतीला लावायचा असतो. गंजकट रंगाच्या, पट्ट्यापट्ट्यांच्या पाट्या दिसायला देखण्या, पण त्यांचे पापुद्रे सुटतात. नमुन्याची नव्हे, ट्रकमधली पाटी उचला. बोटाच्या पेरांनी वाजवा, खणखणीत आवाज आला पाहिजे. रात्रभर अर्धी पाण्यात उभी ठेवा. सकाळी ओल पाण्याच्या रेषेच्या बरीच वर चढलेली असेल तर माल परत करा. संडास धुवायच्या ॲसिडचा थेंब टाकल्यावर फेस आला तर दगडात चुना आहे, तो पावसात टिकणार नाही.

वजनाबद्दल कंत्राटदार सहसा गप्प असतो. १० मिलिमीटर जाडीची अशी पाटी साधारण ५ किलोची, म्हणजे नीट लावलेल्या एका ब्रासचे ६०० किलो. मंगलोरी कौलं ब्रासला सुमारे १५०, अडीच किलोचं एक धरलं तर ३७५ किलो. कौलांच्या हिशोबाने घातलेल्या वाशांवर खरी स्लेट चढवली तर वासे वाकतील. म्हणून त्याच वाशांवर कोणी स्लेट घालून देतो म्हणाला, की पाट्या एकेरीच लागणार असं समजा.

कौल घेणारेही फसतात, पण तिथली लबाडी पकडायला सोपी. कच्च्या भाजलेल्या किंवा जुन्या कौलांना गेरूसारखा रंग मारतात. मागच्या बाजूला खिळ्याने खरवडा. सहा कोरडी कौलं तोलून २४ तास पाण्यात बुडवा आणि पुन्हा तोला. आयएस ६५४ या मानकाप्रमाणे 'ए' वर्गाचं कौल वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी पीत नाही, 'एए' वर्गाचं १८ टक्क्यांहून. दोन कारखान्यांचा माल मिसळलेला असेल तर खाचा बसत नाहीत आणि नेमकी तिथूनच गळती लागते. म्हणून प्रत्येक कौलामागचा छाप बघा.

मापाचं म्हणाल तर ३० अंशांच्या उताराला छपराचं क्षेत्रफळ जमिनीवरच्या मापाच्या (वळचणीचा भाग धरून) १.१५ पट भरतं. बिलात दीडपट दिसली तर फीत घेऊन वर चढा. करारात चौरस फुटांसोबत पाट्यांची संख्या, जाडी आणि डोक्यावरचा चढाव लिहून घ्या.

छपर आधीच झालं असेल तर अंगणात उभं राहून ओळी मोजा. १५ फुटांच्या उतारावर २ फुटी पाटीच्या १८ ओळी दिसायला हव्यात. नऊच दिसल्या तर पाट्या काढून त्याच पुन्हा दुहेरी लावता येतात, पण त्या अर्ध्याच छपराला पुरतील आणि तेवढ्या भागावर वजन दुप्पट होईल. वासे दणकट असलेल्या बाजूला त्या घ्या, दुसऱ्या बाजूला कौलं चढवा.