आधी जागा की स्वस्त परवाना? टोकियो आणि पॅरिस
टोकियोत गाडी नावावर करायची तर आधी ती उभी करायच्या जागेचा दाखला लागतो. जागा घरापासून 2 किलोमीटरच्या आत हवी. नकाशा आणि जागामालकाचं संमतीपत्र पोलीस ठाण्यात द्यायचं. रात्री सलग 8 तास गाडी रस्त्यावर ठेवायला बंदी. म्हणून अरुंद गल्लीतही सायकलला, म्हाताऱ्या माणसाला वाट मिळते.

पॅरिसचा रहिवासी रस्त्यावर गाडी ठेवायचा परवाना काढून दिवसाला जेमतेम दीड युरो भरतो. फेब्रुवारी 2024 च्या मतदानानंतर जड एसयूव्ही मध्यभागात उभ्या करायला तासाला 18 युरो लागले, पण रहिवाशांना सूट! इथेच घोडं पेंड खातं: परवान्याने जागेची हमी मिळत नाही, आणि इतक्या स्वस्तात गाडी काढून टाकावीशी कुणालाच वाटत नाही.

टोकियोची रीत सरस, पण गाडीवाचून भागेल अशी रेल्वे घराजवळ असेल तरच.