युसेबियस वाचायचाय: आधी ‘चर्चचा इतिहास’ की ‘कॉन्स्टंटाइनचे चरित्र’?

पहिल्या तीन शतकांतल्या ख्रिस्ती मंडळीबद्दल मुळातून वाचायचं, तर कैसरियाच्या बिशप युसेबियसला टाळता येत नाही. त्याचं नेमकं कोणतं पुस्तक आधी घ्यावं, एवढाच प्रश्न उरतो.

‘चर्चचा इतिहास’ दहा भागांचा आहे. त्याचं मोल युसेबियसच्या लेखणीपेक्षा त्याने उतरवून ठेवलेल्या जुन्या मजकुरात आहे. त्याचा गुरू पॅम्फिलस याला 310 मध्ये श्रद्धेपायी ठार मारलं गेलं. त्याने जमवलेला ग्रंथसंग्रह युसेबियसच्या हाताशी होता. 177 च्या सुमाराच्या छळाबद्दल लियों आणि व्हिएन (आजच्या फ्रान्समधली दोन शहरं) इथल्या ख्रिस्ती मंडळींनी लिहिलेलं पत्र पाचव्या भागात आहे, म्हणूनच आपल्यापर्यंत पोहोचलं. ब्लँडिना नावाची दासी छळ करणाऱ्यांना दमवते, तो भाग तर वाचायलाच हवा. दुसऱ्या शतकातला बिशप पापियास हा युसेबियसला अगदी बेताच्या बुद्धीचा वाटतो, तरी त्याची वचनं तो देतो. नावडत्या माणसालाही बोलू देणाऱ्या इतिहासकारावर माझा विश्वास बसतो. पँटेनस हा शिक्षक भारतापर्यंत गेला होता अशी वदंताही पाचव्याच भागात आहे. तो भारत नेमका कुठला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

दोष आहेतच. येशू आणि एडेसाचा राजा अबगार यांची पत्रं तो खरी मानतो. छळात डगमगलेल्यांबद्दल लिहिणार नाही, असं आठव्या भागात सांगूनच टाकतो.

‘कॉन्स्टंटाइनचे चरित्र’ चार भागांचं, या रोमन सम्राटाच्या 337 मधल्या मृत्यूनंतर पुरं करायला घेतलेलं, आणि उघड स्तुतीपर. आकाशातला प्रकाशाचा क्रूस इथेच भेटतो. सम्राटाने शपथेवर सांगितलं, असं युसेबियस म्हणतो. ज्या लढाईआधी तो दिसला असं सांगतात, त्या 312 च्या लढाईचं वर्णन ‘इतिहासा’च्या नवव्या भागात आहे, पण तिथे हा क्रूस नाही. 325 च्या नायसीया परिषदेला युसेबियस स्वतः हजर होता. तिचं वर्णन ‘चरित्रा’त आहे, ‘इतिहास’ त्याआधीच थांबतो. तिथे ज्याच्यावरून वाद झाला त्या आरियसची (येशू देवपित्याच्या बरोबरीचा नाही, असं म्हणणारा धर्मगुरू) शिकवण नेमकी काय होती, हे मात्र ‘चरित्र’ वाचून कळत नाही. आरियसकडे झुकल्याचा ठपका खुद्द युसेबियसवरही होता, हे ध्यानात ठेवून ती पानं वाचावीत. आणखी एक गोष्ट मला फार खुपते: ‘इतिहासा’त गौरवलेला कॉन्स्टंटाइनचा मुलगा क्रिस्पस ‘चरित्रा’त कुठेच नाही. 326 मध्ये बापाच्याच हुकमाने त्याला मारण्यात आलं होतं.

माझा कौल स्पष्ट आहे: आधी ‘इतिहास’. रक्तसाक्षी (श्रद्धेपायी मारले गेलेले), जुनी पत्रं, बिशपांच्या परंपरा हवं असेल तर तेवढाच पुरे. सत्ता आणि चर्च यांचं नातं हा तुमचा विषय असेल तर ‘चरित्र’ही घ्या, पण ‘इतिहासा’चे नववा-दहावा भाग शेजारी उघडे ठेवून.

इंग्रजीत सलग वाचायला विल्यमसन यांचा ‘इतिहासा’चा अनुवाद सोपा जातो, त्यातही लाउथ यांनी सुधारलेली 1989 ची आवृत्ती. टिपा भरपूर हव्यात तर 1890 चा मॅकगिफर्ट यांचा अनुवाद इंटरनेटवर फुकट मिळतो. भाषा जुनी आहे. ‘चरित्रा’साठी कॅमेरॉन आणि हॉल यांचा 1999 चा अनुवाद घ्या, भाष्यासकट.