एचबीसीडीचे आयसोमर ओळखायचे तर जीसी-एमएस की एलसी-एमएस-एमएस?

खाडीचा गाळ, तारली, कालवं असे नमुने घेऊन एचबीसीडी (हेक्झाब्रोमोसायक्लोडोडेकेन, थर्माकोलमध्ये आग रोखायला घालत ते ब्रोमीनचं रसायन) बघायचं ठरलं की पहिला प्रश्न यंत्राचा. २०१३ला हे रसायन स्टॉकहोम करारात (दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांवरचा जागतिक करार) गेलं, २०१८च्या नियमांनी आपल्याकडेही बंदी आली. पण थर्माकोलच्या जुन्या इन्सुलेशनमधला माल काही कुठे गेलेला नाही. लोटे-चिपळूणकडे ओळखीतून जीसी-एमएस (नमुना तापवून, त्याची वाफ करून घटक वेगळे करणारं यंत्र) वापरायला मिळणं त्यातल्या त्यात सोपं, म्हणून मन आधी तिकडे धावतं.

एकूण एचबीसीडीचा आकडा पुरत असेल तर खुशाल जीसी घ्या. आयसोमर (अणू तेच, मांडणी वेगळी, अशी त्याची अल्फा, बीटा, गॅमा रूपं) वेगळे करायचे म्हटलं की मात्र मेख आहे. १६० अंशांच्या वर अल्फा, बीटा, गॅमा एकमेकांत बदलायला लागतात आणि २४०च्या पुढे ब्रोमीनच सुटू लागतो. म्हणजे नमुन्यात काय होतं ते इंजेक्टर आणि ओव्हनच ठरवणार! आलेखावर हाती येतो एक पसरट उंचवटा. मी लायनर (इंजेक्टरमधली काचेची नळी) बदलून पाहिले, कॉलम आखूड केला, तापमान उतरवलं. उंचवटा जरा बारीक झाला, पण तीन वेगळी शिखरं दिसली नाहीत ती नाहीतच. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. कारण सगळी गंमत त्या तिघांच्या प्रमाणातच आहे: कारखान्याच्या मालात गॅमा साधारण तीन चतुर्थांश किंवा जास्त, गाळातही बहुधा तोच वरचढ, आणि मासळीत बघावं तर अल्फा पुढे.

एलसी-एमएस-एमएस नमुना न तापवता द्रवातूनच घटक वेगळे करतं. तिथे सी-१८ कॉलमवर अल्फा, बीटा, गॅमा असे ओळीने येतात. ६४०.६ वस्तुमानाच्या आयनावरून ७९ आणि ८१चे ब्रोमाइड आयन पकडायचे, बस. मेथनॉल आणि ॲसिटोनायट्राइलचं प्रमाण जुळवताना थोडा घाम गाळावा लागतो एवढंच.

एलसीचेही नखरे आहेत. तारलीच्या तेलकट अर्काने सिग्नल दबतो. चरबी सल्फ्युरिक आम्लाने काढता येते, एचबीसीडी त्यात टिकतं. तरी तिन्ही आयसोमरांची कार्बन-१३ची मानकं (जड कार्बनची तीच रसायनं, ठरावीक मात्रेत घालून तुलना करायला) घ्यावीच लागतात, आणि ती स्वस्त नाहीत. प्रत्येक आयसोमरच्या अधिक-उणे जोड्याही (एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं) वेगळ्या करायच्या असतील तर परमिथिलेटेड बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनचा कॉलम लागेल. तिथे तर मानकं नसली की जोडीतलं एक शिखर जास्त दबून गुणोत्तर सरळ फसवतं.

टीबीईसीएच किंवा पीबीडीई (ब्रोमीनचीच दुसरी अग्निरोधकं) हाच तुमचा मुख्य विषय असेल तर माझं ऐकू नका, जीसीच बरं. फक्त टीबीईसीएचला १२० अंशांच्या आसपासच अल्फा-बीटाचे गॅमा-डेल्टा होऊ लागतात, तेव्हा इंजेक्टर जपून.

मासळीतलं एचबीसीडी असेल तर, जवळ एलसी नसली तरी, मी तिच्याकडेच झुकेन. अर्क इथेच स्वच्छ करून, कोरडा करून, तपकिरी कुपीत पुण्या-मुंबईला पाठवता येतो. कार्बन-१३ची मानकं मात्र अर्क काढायच्या आधीच नमुन्यात घाला.